छापलेली बाजू

दसरा होऊन चार दिवस झाले होते. सोयाबीन काढून रानातच बनीम, म्हणजे गंजी, लावलेली होती आणि मळणीयंत्रवाला "आज येतो, उद्या येतो" करत होता. मी सुट्टी टाकून गावी गेलो होतो तो मळणीसाठीच. दुपारी तीनच्या सुमाराला अंबाजोगाईच्या बाजूने आभाळ काळंनिळं होत आलं, वारं एकदम पडलं आणि भाऊने बांधावरूनच आरोळी ठोकली, "ताडपत्री घ्या रे!" ताडपत्री होती, पण एका टोकाला उंदरांनी कुरतडलेली. उघडं राहणारं ते टोक झाकायला भाऊने गोठ्याच्या माळ्यावरून एक गुंडाळी ओढून आणली. सोडून बघतो तर फ्लेक्स. दहा बाय आठचा. वर ठसठशीत अक्षरांत 'हार्दिक अभिनंदन', खाली चौदा जणांचे गोल गोल फोटो, आणि मधोमध माझी पुतणी. हातात ताणलेलं धनुष्य, एक डोळा बारीक केलेला, चेहरा पिठाच्या चाळणीएवढा मोठा. भाऊने आणि मी दोन टोकं धरून तो बनिमीवर ओढला. तिसरं टोक पलीकडून खुद्द पुतणीच धरून होती. कडेने दगड ठेवत होतो तेवढ्यात पहिले टपोरे थेंब आले, ते नेमके तिच्या छापलेल्या कपाळावर. टप्प, टप्प.

"काका, ह्ये उलटं टाका ना," ती म्हणाली.

"का गं?"

"आसंच. छापलेली बाजू खाली करा."

भाऊ पलीकडून ओरडला, "आगं, छापलेली बाजू गुळगुळीत आसती, पाणी घसरतंय तिच्यावरून." पावसाने पुढची चर्चा होऊ दिली नाही. आम्ही तिघं गोठ्यात पळालो. तिथून बनीम दिसत होती. फ्लेक्सवरून पाणी खरंच घसरत होतं. चौदा जणांच्या गोल फोटोंमध्ये छोटी छोटी तळी साचत होती आणि वाऱ्याने मधला भाग फुगला की पुतणी धनुष्यासकट श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत होती. ती बघत नव्हती. म्हशीच्या पाठीवरच्या गोचिड्या काढण्यात ती फारच गुंतलेली होती.

मी एका नगरपरिषदेच्या कर विभागात कारकून आहे. माझं दिवसभराचं काम म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, आणि "पाणी आठ दिवसाला येतं अन् पट्टी मात्र वर्षाची कशी" ह्या प्रश्नाला रोज नव्याने उत्तर न देणं. त्या आठवड्यानंतर पावती फाडता फाडता मध्येच ते 'आसंच' आठवायचं. लाज म्हणावी तर तिचा सूर लाजेचा नव्हता. राग म्हणावा तर ती रागावलेलीही नव्हती. ताटातली मिरची बाजूला सारावी इतक्या सहज ती ते बोलली होती.

त्या फ्लेक्सचीही गोष्ट आहे. आदल्या हिवाळ्यात शालेय विभागीय स्पर्धेत तिला रौप्य मिळालं, इंडियन राउंडमध्ये. म्हणजे आपलं साधं बांबूचं धनुष्य, ना तोल सांभाळायच्या दांड्या, ना नेम धरायचे चष्मे. गावाला एवढं पुरलं. फाट्यावर फ्लेक्स लागला, त्यात 'धनुर्विद्या'चं 'धर्नुविद्या' झालेलं. उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, डीजे आला, शाल, नारळ, फेटा. गुलाल इतका उधळला की तिचा उजवा डोळा, म्हणजे नेमाचाच डोळा, दोन दिवस लाल होता. भाषणं झाली आणि प्रत्येक भाषणात अर्जुन, पोपट आणि पोपटाचा डोळा आला. रात्री जेवताना तिने मला शांतपणे विचारलं, "काका, त्यो पोपट कितीक मीटरवर होता?"

तीन आठवड्यांनी राज्यस्पर्धा झाली. पहिल्या सहा बाणांत दोन 'एम'. एम म्हणजे मिस, बाण लक्ष्याला लागलाच नाही, गुणपत्रिकेत शून्यसुद्धा लिहीत नाहीत, एम लिहितात. परत येताना ती एसटीतून फाट्यावर उतरली तेव्हा तो फ्लेक्स तिथेच होता, 'हार्दिक अभिनंदन' म्हणत. पाठीला धनुष्याची पिशवी लावून ती त्याच्या खालून चालत घरी आली.

तेव्हा कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

मग आला ऑगस्ट २०२४. तारीख ४, रविवार, आषाढातली दिव्यांची अमावस्या. मायने घरातले सगळे दिवे चिंच लावून घासले होते, समयीपासून ते चिमणीपर्यंत. चिमणीत रॉकेल पडून किती वर्षं झाली असतील, पण पाटावर तिचाही मान होता. कणकेचे दिवे उकडत होते, गुळाचा वास सगळ्या घरभर. सहाच्या सुमाराला लाइट गेली. "दिव्याच्या आवसंलाच न्यायची होती," असं वहिनी म्हणाली, आणि मी व पुतणी स्लॅबवर गेलो, कारण आमच्याकडे रेंज तिथे पाण्याच्या टाकीजवळच येते. मोबाइल टाकीला टेकवून ठेवला. पॅरिस. मागे इमारतीचा सोनेरी घुमट, समोर हिरवळ, आणि पुरुषांच्या वैयक्तिक तिरंदाजीची अंतिम लढत. एकीकडे अमेरिकेचा ब्रॅडी एलिसन, दुसरीकडे दक्षिण कोरियाचा किम वू-जिन. पांढरी टोपी, चेहऱ्यावर काहीच नाही. टपाल कचेरीत रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तेवढंच.

पुतणी मला शिकवत होती. तीन बाणांचा एक सेट. जिंकला तर दोन गुण, बरोबरी झाली तर एकेक, सहा गुण ज्याचे आधी होतील तो जिंकला. बाण सोडायला वीस सेकंद. अंतर ७० मीटर. लक्ष्य १२२ सेंटिमीटर रुंद, आणि त्यातलं दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटर. मी म्हटलं, "बशीएवढं झालं की." ती म्हणाली, "हात लांब करा. तुमच्या शर्टाची गुंडी हातात धरली आसं समजा. ७० मीटरवरून आख्खं लक्ष्य तेवढं दिसतंय. अन् दहाचं वर्तुळ म्हणजे त्या गुंडीवर मोहरीचा बारीक दाणा ठेवला तर, तेवढं." नंतर मी ऑफिसात कॅल्क्युलेटरवर हिशेब करून पाहिला. पोरगीचं बरोबर होतं.

पडद्याच्या कोपऱ्यात त्यांच्या हृदयाचे ठोके दाखवत होते. तिने स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं आणि मग ते बोट शेवटपर्यंत काढलं नाही. एलिसनने पहिला सेट घेतला, किमने दुसरा. तिसरा एलिसनने, चौथा किमने. पाचव्यात दोघांनीही तीनदा दहा. तीस-तीस, म्हणजे पाच-पाच. आता फक्त एकेक बाण. धनुष्यावर एक छोटी पत्र्याची पट्टी असते, क्लिकर म्हणतात तिला. बाण पुरता ओढला की ती 'टक्' करते आणि तिरंदाज त्या आवाजावर दोरी सोडतो. पुतणीच्या बांबूच्या धनुष्याला क्लिकर नाही, म्हणून ती सराव करताना जिभेने टाळूवर 'टक्' वाजवते. त्या दोन बाणांना तिने दोन्ही वेळा जीभ वाजवली. दोन्ही बाण दहात. मग पंच मोजायला गेले. किमचा बाण केंद्रापासून ५५.८ मिलिमीटर, एलिसनचा ६०.७. फरक ४.९ मिलिमीटर. किम जिंकला. दोघांनी मिठी मारली आणि हात वर केले.

ती धडाधड खाली गेली आणि कंपासपेटी घेऊन आली. मायने लावलेल्या दिव्यांच्या ओळीजवळ बसून आम्ही पट्टीवर ४.९ मिलिमीटर शोधलं. कणगीतून ज्वारीचा दाणा आणला, तो जरा लहान भरला. बियाण्याच्या पिशवीच्या तळाशी उरलेला सोयाबीनचा दाणा मोठा भरला. माय बघत होती. "येवढ्यासाठी?" ती म्हणाली. पुतणी मात्र वेगळ्याच विचारात होती. दहाच्या वर्तुळाची त्रिज्याच ६१ मिलिमीटर असते. "काका, म्हंजी दोघंबी काठावर होते. तसे दोघांचेबी बाण लै चांगले नव्हते." जगातला सगळ्यात मोठा तिरंदाज ठरला तो क्षण ती असा वाचत होती, आणि मला वाटतं ती त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त खूश ह्याच गोष्टीवर होती.

मायच्या त्या 'येवढ्यासाठी'वर मला मात्र हसू आलं, कारण आमच्या घरात वीतभर जागेसाठी अकरा वर्षं गेली आहेत. वडील आणि त्यांचे चुलतभाऊ, मधला बांध. दर वर्षी नांगरटीला बांध कुणाच्या तरी बाजूने चार बोटं सरकायचा. मोजणीची फी भरायची, मोजणीवाला यायचा, खुणा रोवायच्या, पुढच्या पावसाळ्यात खुणा कुठे गेल्या कुणालाच माहीत नसायचं. अकराव्या वर्षी चुलते वारले, आणि वडिलांनी स्वतःच फावडं घेऊन तो बांध होता तिथे सारून दिला. त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आम्ही मोजमापाची माणसं आहोत, पण आमच्याकडे मोजून झालं की भांडण सुरू होतं. तिकडे मोजून झालं की संपतं, हे मला त्या स्लॅबवर बसून जरा अन्याय्यच वाटलं होतं.

मग मी ह्या किम वू-जिनच्या मागे लागलो. रात्री जेवण झाल्यावर वाचायचो. आणि एके दिवशी असं काही सापडलं की मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो. किम वू-जिन चोंगजू शहराच्या नगरपालिकेच्या संघाचा माणूस आहे. चोंगजू सिटी हॉल. तिकडे शहरांच्या नगरपालिका आणि मोठ्या कंपन्या तिरंदाजांचे संघ बाळगतात, पगार देतात, आणि हे लोक रोज सकाळी उठून तेच काम करतात. जगातला सर्वोत्तम तिरंदाज आणि मी, आम्ही दोघं एकाच खात्यातले निघालो! आमच्या आस्थापनेच्या साहेबांना मी म्हटलं, आपल्या आकृतिबंधात एक तिरंदाजाचं पद बसवता येईल का? ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "व्हॉल्वमनची दोन पदं रिक्त आहेत, ती आधी भरू." शिपाई म्हणाला, "साहेब, कुत्र्याच्या बंदोबस्ताला कामाला येईल की." विनोद बाजूला ठेवू, पण मला त्यात काहीतरी फार आवडलं. राजवाडा नाही, गुरुकुल नाही, अकादमीचं इंग्रजी नाव नाही. हजेरी, काम, पगार. सुवर्णपदकाचा माणूस मस्टरवर.

मस्टरवर असूनही पुढचं कसं चालतं ते बघा. कोरियात ऑलिंपिकसाठी निवडचाचणी होते तेव्हा जुनी पदकं दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवावी लागतात. पुरुषांत तीन जागा, स्त्रियांत तीन. टोकियोत तीन सुवर्णं जिंकलेली आन सान पॅरिसच्या संघात बसलीच नाही. किमचंही तेच झालेलं. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अठराव्या वर्षी त्याने वैयक्तिक आणि सांघिक दोन्ही सुवर्णं घेतली, २०११ मध्ये तुरीनला जगज्जेता झाला, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या निवडीत चौथा आला. तीन जागा, हा चौथा. जगज्जेता घरी बसला. नंतर काही काळ त्याचे बाण बिघडले ते बिघडलेच. चार वर्षांनी रिओ. पात्रता फेरीत ७२ बाणांत ७२० पैकी ७००, जागतिक विक्रम. आता वैयक्तिक सुवर्ण ह्याचंच, असं सगळे म्हणत असताना दुसऱ्याच फेरीत इंडोनेशियाच्या रिआउ एगा अगाथाकडून हरला. सांघिक सुवर्ण मिळालं. टोकियोत पुन्हा सांघिक सुवर्ण, वैयक्तिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत बाद. तीन वेळा वैयक्तिक जगज्जेता होऊनही ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक नाही, तेही वयाच्या बत्तिशीपर्यंत. पॅरिसमध्ये सांघिक, मिश्र आणि वैयक्तिक अशी तीन मिळून एकूण पाच सुवर्णं झाली. १९८८ च्या सोलपासून २००० च्या सिडनीपर्यंत किम सू-न्युंग ह्या बाईंनी घेतलेल्या चार सुवर्णांचा तिरंदाजीत दबदबा होता, तो त्या संध्याकाळी मागे पडला. उपांत्य फेरीतही तो आपल्याच संघातल्या ली वू-सोकविरुद्ध एका बाणावर वाचला होता. म्हणजे एकाच दिवशी दोनदा, एकाच बाणावर.

मी हे सगळं पुतणीला फोनवर सांगितलं तेव्हा तिने मधूनच विचारलं, "त्या चाडवाल्याचं वाचलं का?" नव्हतं वाचलं. पॅरिसमध्ये किमची पहिली लढत चाड ह्या आफ्रिकेतल्या देशाच्या इस्रायल मडायेशी होती. मडाये बराचसा स्वतःचं स्वतः शिकलेला. त्याचा एक बाण भरकटला आणि एक गुण मिळाला. एक. ऑलिंपिकमध्ये, जगातल्या सर्वोत्तम माणसासमोर उभं राहून. सहा-शून्य हरला, पण त्या एक गुणामुळे कोरियातल्या लोकांना तो फार आवडला म्हणे. "माझे दोन एम होते," ती म्हणाली, "त्याला निदान एक तरी गुण होता." आणि हसली. राज्यस्पर्धेवर ती स्वतःहून बोलल्याची ही पहिलीच वेळ.

पण मला सांगायचं होतं ते किमच्या एका वाक्याबद्दल. पॅरिसमध्ये जिंकल्यावर त्याला विचारलं की तरुण खेळाडूंना काय सांगशील. तो म्हणाला ते असं: पदक मिळालं म्हणून त्यात भिजून राहू नका, ऊन पडलं की वाळून जातं.

हे वाक्य मी प्रथम वाचलं तेव्हा मान डोलावली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा थोडा रागच आला. भिजून राहू नका! हे कुणाला सांगतोस बाबा? आम्ही मराठवाड्यातली माणसं. आमच्याकडे भिजणं हा सण आहे. मृगाच्या पहिल्या पावसात म्हातारी माणसंसुद्धा दारात येऊन उभी राहतात, पंचा डोक्यावर घेत नाहीत. ज्यांच्याकडे पाच सुवर्णं आणि महिन्याचा पगार आहे त्यांनी खुशाल कोरडं व्हावं. आमच्या पोरीला आयुष्यात एकदा विभागीय रौप्य मिळालं, गावाने गुलाल उधळला, तर भिजू दे की तिला चार दिवस. उद्या ऊन तर आहेच. ऊन आमच्याकडे कधी चुकलंय?

आणि मग वडील आठवले, कोळपं धरलेले. पाऊस उघडला, चार दिवस ऊन पडलं की आमच्या काळ्या रानावर पापुद्रा धरतो, मग भेगा पडायला लागतात, आणि त्या भेगांतून खालची ओल वर येऊन उडून जाते. म्हणून भेगा पडायच्या आधी कोळपणी करायची. वरचा दोन बोटांचा थर मोडून भुसभुशीत करायचा, तो वाळून कोरडाठाक होतो आणि खालच्या ओलीवर पांघरुणासारखा पडून राहतो. लहानपणी मला हे पटायचं नाही. ओल राखायची तर वरची माती कशाला वाळवायची? वडील पाभरीच्या दांडीने रान उकरून दाखवायचे. वर राख, खाली हाताला गार लागणारी माती, मुठीत दाबली तर लाडू होणारी. "वरचं कोरडं हाय म्हणून खालचं वल्लं हाय," ते म्हणायचे. रब्बीची ज्वारी सगळी त्या खालच्या ओलीवर येते. वरून एक थेंबही पडत नाही, आणि तरी माघात कणसं भरतात.

किमचा तो टपाल कचेरीतला चेहरा मला मग जरा कळल्यासारखा वाटला. कळला असेलच असं नाही. कोरियातल्या ओकचनच्या ग्रामीण भागात वाढलेला माणूस आहे, त्याच्याकडे भातखाचरं असतील, त्याच्या ओलीचा हिशेब वेगळा असेल. आणि एक गोष्ट खटकत राहिलीच. कोळपणी शेतकरी आपल्या रानात करतो, तेव्हा त्याला माहीत असतं की खाली ओल आहे. आमच्या पोरीच्या खाली किती आहे हे कुणी उकरून पाहिलं? आम्ही वर गुलालाचं पाणी मारलं आणि निघून गेलो. तिचे मास्तर, म्हणजे शाळेतले क्रीडाशिक्षक, तेवढे रोज संध्याकाळी गोण्यांत चिंध्या कोंबून केलेल्या लक्ष्यासमोर तिच्यामागे उभे राहतात. फ्लेक्सवरच्या चौदा फोटोंत त्यांचा फोटो नव्हता.

ती आता रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं स्पर्धेचं धनुष्य, मागते आहे. इंडियन राउंड ऑलिंपिकला नाही, तिथे रिकर्व्ह लागतं, आणि रिकर्व्हचा बऱ्यापैकी संच लाखाच्या पुढे जातो. प्रवीण जाधवचं उदाहरण तिने वडिलांसमोर ठेवलेलं आहे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा टोकियोला गेला, पहिली लढत जिंकला, दुसऱ्या लढतीत ह्याच एलिसनकडून हरला आणि सांघिकमध्ये ह्याच किमच्या संघाकडून. पोरगी हरण्याची उदाहरणं देऊन धनुष्य मागते, ह्यावर भाऊला काय बोलावं ते सुचत नाही. तो म्हणतो, "सोयाबीन गेल्यावर बघू." आमच्या घरात लग्न, बोअर, दवाखाना, सगळं सोयाबीन गेल्यावर बघतात.

तर सोयाबीन. दसऱ्यानंतरच्या त्या पावसाने दोन दिवस मुक्काम केला. मळणी पाचव्या दिवशी झाली. ताडपत्रीखालचं बरं निघालं, उंदरांनी खाल्लेल्या टोकाकडचंही बरं निघालं, फ्लेक्सने काम केलं होतं. बुडाकडच्या शेंगा मात्र ओल्या. पिशवीत नमुना घेऊन आम्ही तिघं एकाच मोटरसायकलवर मोंढ्यात गेलो, पुतणी मध्ये. हमीभाव ४८९२ जाहीर झालेला होता, मोंढ्यातला भाव त्याच्या बराच खाली, आणि खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर ओलावा असला की माल परत. अडतीवरच्या माणसाने मूठभर दाणे ओलावा मोजायच्या मशीनमध्ये टाकले, झाकण दाबलं. आकडे भिरभिरले आणि थांबले. १४.२.

"दोन पॉइंट दोन," पुतणी पुटपुटली.

"ऊन द्या दोन दिवस," अडतवाला म्हणाला, "घाई करू नका." भाऊने नमुन्याची पिशवी गुंडाळली. येताना कुणीच फार बोललं नाही. वाटेत तो फाटा लागला. फ्लेक्सच्या लाकडी चौकटीवर आता कुठल्याशा बियाणे कंपनीची जाहिरात होती.

दुसऱ्या दिवशी आभाळ धुऊन काढल्यासारखं निघालं. अंगणात ताडपत्री अंथरली, ती पुरली नाही. भाऊ गोठ्यातून फ्लेक्स घेऊन आला, अंगणात झटकला, पुतणीकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता छापलेली बाजू खाली करून अंथरला. वर पांढरी पाठ, तिच्यावर दोन कट्टे सोयाबीन ओतलं, फळीने पसरलं. वाळवणाला मधून मधून हलवावं लागतं. फळीने हलवलं तर दाणे फुटतात, म्हणून आमच्याकडे अनवाणी पायांनी हलवतात. पाय न उचलता, घसटत घसटत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मागे दोन सऱ्या उमटतात, खालचे दाणे वर येतात. ते काम ती करत होती. मी ओट्यावर चहा घेत बसलो होतो. खाली चौदा माणसं, 'धर्नुविद्या' आणि ती स्वतः, वर ती स्वतः. तिचं लक्ष फक्त पायांकडे होतं. ऊन चांगलं होतं, दाण्यांचा उष्ण, कच्चट वास यायला लागला होता.

वाळलं की नाही हे बघायला मशीन लागत नाही, हे वडिलांनी आम्हाला शिकवलेलं आणि भाऊने तिला. दाणा दाढेखाली धरायचा. ओला असेल तर दबतो, वाळलेला असेल तर 'टक्' वाजून दोन डाळी होतात. पलीकडच्या टोकाला पोचल्यावर ती वाकली, एक दाणा उचलला, फुंकला, दाढेखाली धरला आणि मान जरा कलती करून ऐकत राहिली.

"आजून वाजंना," ती म्हणाली, आणि वळून पुन्हा पाय घसटत निघाली.